पैशाचा मोठा निर्णय: भावनेला कुठल्या पायरीवर बोलू द्यायचं

‘पैशाच्या बाबतीत भावनेच्या आहारी जाऊ नका’ हा सल्ला सगळ्यांना तोंडपाठ असतो, आणि तो पाळायला गेलं की बहुतेकांचं एकाच ठिकाणी चुकतं. भावना दाबायची, आकडेमोड करायची आणि मनाने केव्हाच ठरवून टाकलेल्या गोष्टीला त्या आकड्यांचा टेकू द्यायचा, असा तो प्रकार असतो. हिशेबाचा तक्ता नीटनेटका दिसतो खरा, पण तो निर्णयाच्या नंतर तयार झालेला असतो.

खालच्या पद्धतीत भावनेला जागा आहे, मात्र ठरलेल्या पायरीवर. क्रम बदलला की पद्धत निकामी होते, म्हणून आधी सगळं वाचा आणि मग सुरुवात करा. घर, गाडी, कर्ज, गुंतवणूक विकणं, पगाराची बोलणी, भागीदारी असे मोठे आणि सहजी मागे न फिरवता येणारे निर्णय डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. किरकोळ खरेदीसाठी एवढा खटाटोप करू नका. दोन दिवसांत कंटाळून सोडून द्याल.

## आधी एवढं माहीत हवं

भावना पूर्ण वजा केली तर निर्णय सुधारतो, हा समज सगळ्यात आधी काढून टाका. 1994 मध्ये मेंदूशास्त्रज्ञ बेचारा, दामासिओ आणि सहकाऱ्यांनी पत्त्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. समोर चार गठ्ठे. दोन गठ्ठ्यांत दर पानाला घसघशीत बक्षीस, पण मधूनच असा दंड की शेवटी नुकसानच. उरलेल्या दोन गठ्ठ्यांत बक्षीस निम्मं, दंडही कमी आणि शेवटी फायदा. निरोगी माणसं काही पानांनंतर चांगल्या गठ्ठ्यांकडे वळली. कपाळामागच्या मेंदूच्या खालच्या, मधल्या भागाला इजा झालेले रुग्ण मात्र तोट्याच्या गठ्ठ्यांतूनच पानं उचलत राहिले. त्यांची बुद्धी शाबूत होती, हिशेब येत होता.

1997 मध्ये याच गटाने हाताच्या त्वचेवर मोजलेला घाम या चित्रात आणला. निरोगी लोकांच्या शरीरात वाईट गठ्ठ्याकडे हात जाताना ताण नोंदला जायचा, तोही ‘हा गठ्ठा वाईट’ असं शब्दांत सांगता येण्याआधी. रुग्णांच्या शरीरात तो उमटतच नव्हता. त्यातल्या काहींना कुठला गठ्ठा वाईट हे समजलंही होतं, तरी हात तिकडेच जात होता. शरीराला खरंच मनाआधी कळतं का, यावर नंतर वाद झाला. 2004 मध्ये माया आणि मॅक्लेलँड यांनी दाखवलं की बारकाईने विचारलं तर लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच आधी उत्तर माहीत असतं. आपल्या कामापुरता मुद्दा त्यामुळे बदलत नाही: नुसतं कळणं आणि त्याप्रमाणे वागणं यांच्यामध्ये भावना लागते.

दुसरी गोष्ट, भावनेमुळे होणारी चूक एकाच दिशेची नसते. कुनेन आणि नटसन यांनी 2005 मध्ये गुंतवणुकीच्या खेळात लोकांचे मेंदू स्कॅन केले. नको इतकी जोखीम घेण्याआधी न्यूक्लिअस ॲक्युम्बेन्स हा भाग जास्त सक्रिय दिसला. हा भाग काहीतरी मिळण्याच्या अपेक्षेने चेततो. उलट, घ्यायला हवी होती ती जोखीमही टाळण्याआधी मेंदूतल्याच इन्सुला या दुसऱ्या भागाची पुढची बाजू सक्रिय होती. म्हणजे उत्साहाच्या चुका वेगळ्या आणि धास्तीच्या चुका वेगळ्या. दोन्हींवर ‘शांत राहा’ हे एकच औषध चालत नाही.

इशारा: ‘हा भाग म्हणजे भीती, तो भाग म्हणजे लोभ’ अशी वाटणी करू नका. इन्सुला वेदना, किळस, शरीराच्या आतली जाणीव अशा अनेक कामांत गुंतलेला असतो. स्कॅनमध्ये तो चेतला म्हणजे अमुकच भावना होती, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही.

## तयारी

लागतं फार थोडं: एक वही, दोन बैठका आणि त्यांच्यामध्ये निदान एक रात्र. वही हातानेच लिहा, असा माझा आग्रह आहे. संगणकावर मागचं पुसून नवं टाकणं फार सोपं जातं, आणि इथे मागचं जसंच्या तसं राहणं हाच अर्धा फायदा आहे.

एक माणूसही लागेल. या व्यवहारात ज्याला काहीच मिळणार नाही असाच निवडा. त्याने सल्ला द्यायचा नाही, फक्त तुम्ही लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायचं. दुसऱ्याच्या आवाजात ऐकलं की आपली पोकळ कारणं आपल्याच कानांना खटकतात.

शेवटची तयारी म्हणजे मुदत खरी आहे का ते पाहणं. ‘आजच्या आज ठरवा’ असं समोरचा म्हणत असेल, तर उद्यापर्यंत थांबल्यास नेमकं काय बदलेल, हे त्याच्याकडून लेखी मागा. लेखी मागितल्यावर बऱ्याच मुदती आपोआप लांबतात. जी लांबत नाही आणि जिचं कारणही मिळत नाही, तो व्यवहार सोडून द्यायची तयारी ठेवा.

## पायरी 1: प्रश्न दोनदा लिहा

निर्णय एका वाक्यात लिहा. मग तोच उलट्या अंगाने लिहा: एकदा ‘काय राहील’ म्हणून, एकदा ‘काय जाईल’ म्हणून.

हे पोरकट वाटतं, पण 2006 मधला दि मार्टिनो आणि सहकाऱ्यांचा प्रयोग पाहा. लोकांना 50 पाउंड दिले आहेत असं सांगितलं. मग पर्याय दिले: 20 पाउंड खात्रीने ठेवा, किंवा सगळ्यावर जुगार खेळा. दुसऱ्या वेळी पहिल्या पर्यायाचे शब्द तेवढे बदलले: ‘30 पाउंड गमवा’. रक्कम तीच. ‘ठेवा’ म्हटलं तेव्हा लोक सुमारे 43 टक्के वेळा जुगाराकडे गेले, ‘गमवा’ म्हटलं तेव्हा सुमारे 62 टक्के वेळा. शब्दांच्या ओढीप्रमाणे केलेल्या निवडींच्या वेळी अमिग्डाला, म्हणजे भावनिक प्रतिक्रियेत गुंतलेला मेंदूचा एक भाग, जास्त सक्रिय होता. ज्यांच्यावर शब्दांचा परिणाम कमी झाला, त्यांच्यात कपाळामागचे आतले भाग जास्त काम करत होते.

दोन्ही वाक्यं वाचून उत्तर तेच येत असेल तर पुढे चला. उत्तर फिरत असेल, तर तुमचं मत अजून व्यवहाराबद्दल नाही, वाक्याबद्दल आहे. पानावर तशी नोंद करा आणि पुढची पायरी घ्या; इथे अडकून पडायचं कारण नाही.

## पायरी 2: मर्यादा आधी, किंमत नंतर, वस्तू सगळ्यात शेवटी

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. माणसं आधी वस्तू पाहतात, मग किंमत विचारतात आणि त्यानंतर स्वतःची मर्यादा ठरवतात. अशी ठरलेली मर्यादा किमतीच्या आसपासच येते, यात नवल नाही.

2007 मध्ये नटसन आणि सहकाऱ्यांनी लोकांना स्कॅनरमध्ये आधी वस्तू, मग किंमत दाखवली आणि शेवटी घेणार का ते विचारलं. वस्तू आवडली की न्यूक्लिअस ॲक्युम्बेन्स चेतायचं, किंमत जास्त वाटली की इन्सुला. या हालचालींवरून माणूस खरेदी करेल की नाही याचा अंदाज बांधता येत होता. पुढे 2015 मध्ये करमरकर, शिव आणि नटसन यांनी क्रम उलटा करून पाहिला. वस्तू आधी दिसली की मेंदू ‘मला हे आवडतं का’ या प्रश्नाकडे झुकतो. किंमत आधी दिसली की ‘हे तेवढ्या पैशांच्या लायकीचं आहे का’ या प्रश्नाकडे. मोठ्या खरेदीत दुसरा प्रश्न आधी हवा.

म्हणून क्रम असा:

1. काहीही पाहण्याआधी तीन गोष्टी लिहा: जास्तीत जास्त किती देणार, कुठल्या दोन-तीन अटींवर तडजोड नाही, आणि काय दिसलं तर उठून यायचं. विकणारे तुम्ही असाल तर कमीत कमी किती घेणार ते लिहा.
2. खाली तारीख आणि वेळ टाका.
3. मग किमती मागवा. मर्यादेबाहेरचं सगळं इथेच गाळा.
4. उरलेलं तेवढंच प्रत्यक्ष पाहायला जा.

चौथ्या टप्प्याच्या आधी ‘नुसतं बघून येऊ’ म्हणून जाणं ही नेहमीची चूक. एकदा त्या रिकाम्या खोलीत आपलं सामान मनातल्या मनात लावून झालं, की ती खोली न मिळणं हा तोटा वाटू लागतो. हातात नसलेली गोष्ट गमावल्याचं दुःख सुरू झालं की मर्यादा पाच-पाच टक्क्यांनी सरकते.

तपासा: मर्यादेच्या आकड्यावर खाडाखोड आहे? असेल तर शेजारी कारण लिहिलेलं हवं. नवी माहिती मिळाली म्हणून बदल केला असेल तर चालेल. ‘एवढ्यासाठी कशाला सोडायचं’ हे कारण चालणार नाही.

## पायरी 3: शरीराची हजेरी

एका ओळीचं काम. झोप झाली का, पोट रिकामं आहे का, आजारपण किंवा सततचा ताण आहे का, एवढं लिहा.

सततच्या ताणाकडे विशेष लक्ष द्या, कारण तो सवयीचा होतो आणि जाणवेनासा होतो. 2014 मधल्या एका अभ्यासात कंदासामी आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, 8 दिवस वाढवून ठेवलं. लोक जोखमीला जास्त बिचकू लागले. थोड्या वेळापुरती वाढ झाली तेव्हा तसा फरक दिसला नव्हता. कित्येक आठवडे ओढाताण चालू असेल, तर ‘मी मुळातच सावध स्वभावाचा’ हे तुमचं स्वतःबद्दलचं मत त्या काळापुरतं बाजूला ठेवा.

इशारा: उदासी, झोप उडणं किंवा अंगात अचाट उत्साह संचारणं हे आठवडे-आठवडे टिकलं असेल, तर पैशाचा निर्णय पुढे ढकला आणि आधी डॉक्टरांना भेटा. वहीतली कुठलीच पायरी त्याला पर्याय नाही.

## पायरी 4: भावनेला नाव द्या, मग तिचा पत्ता शोधा

या पायरीला घाई करू नका. पहिल्या बैठकीचा निम्मा वेळ इथे गेला तरी चालेल.

आधी नाव. ‘कसंतरीच वाटतंय’ हे नाव नव्हे. भीती, राग, दुःख, लाज, हेवा, उत्साह, सुटकेची घाई, असं नेमकं लिहा. नुसतं नाव देण्यानेही फरक पडतो. लिबरमन आणि सहकाऱ्यांच्या 2007 मधल्या अभ्यासात चेहऱ्यांवरच्या भावनेला शब्द दिला की अमिग्डालाची प्रतिक्रिया मंदावली आणि कपाळामागचा उजवीकडचा एक भाग जास्त सक्रिय झाला.

मग पत्ता. ही भावना याच व्यवहारातून आली आहे की दुसरीकडून वाहत आली आहे? कर्जाचा हप्ता पगाराच्या मानाने जड आहे म्हणून वाटणारी भीती या व्यवहाराची स्वतःची आहे; ती माहिती म्हणून धरा. सकाळी वरिष्ठांशी खटका उडाला आणि संध्याकाळी विमा एजंटावर चीड आली, तर ती चीड पाहुणी आहे. अडचण अशी की मेंदू दोन्ही भावनांवर वेगवेगळी चिठ्ठी लावत नाही. 1983 मध्ये जॉन्सन आणि ट्वर्स्की यांनी लोकांना एका मृत्यूची बातमी वाचायला दिली, तर त्या बातमीशी काडीचा संबंध नसलेले धोकेही त्यांना मोठे वाटू लागले.

पाहुण्या भावना कुठे ढकलतात, याची थोडी माहिती हाताशी असली की बरं:

भीती आणि राग दोन्ही वाईटच वाटतात, पण पैशाला विरुद्ध दिशांनी ओढतात. लर्नर आणि केल्टनर यांच्या 2001 मधल्या मांडणीनुसार घाबरलेल्या माणसाला धोके मोठे दिसतात आणि तो हमखास पर्याय धरतो. रागावलेल्याला सगळं आपल्या हातात आहे असं वाटतं आणि तो जोखीम घेतो. रागाच्या भरात नोकरी सोडून धंदा काढणारा माणूस स्वतःला धाडसी समजतो तो याचमुळे. धंद्याची कल्पना चांगलीही असेल. पण जोखमीचा अंदाज त्या दिवशीचा धरू नये.

दुःखाचा परिणाम तर कुणाच्या ध्यानातही येत नाही. 2004 मध्ये लर्नर, स्मॉल आणि लोवेनस्टाइन यांनी लोकांना दुःखद चित्रफीत दाखवून मग एका साध्या वस्तूचा भाव विचारला. दुःखी माणसं घ्यायला जास्त पैसे द्यायला तयार झाली आणि स्वतःकडची वस्तू मात्र कमी भावात द्यायला निघाली. परिस्थिती बदलून टाकावी, ही दुःखाची ओढ दोन्हीकडे पैसे घालवते. म्हणून कुणी गेल्यानंतरच्या किंवा नातं तुटल्यानंतरच्या काळात घर विकायचं असेल, तर किमान किंमत पायरी 2 प्रमाणे तुम्ही एकट्याने ठरवू नका. तयारीत निवडलेल्या त्या माणसाला सोबत बसवा.

उत्साहाबद्दल कुणी तक्रार करत नाही, म्हणून तो तपासातून सुटतो. मागचा एक व्यवहार चांगला झाला, त्याची नशा अजून उतरलेली नाही, हेही पाहुणेपणच. ते लिहा.

पत्ता सापडला की काम बरंचसं होतं. यिप आणि कोटे यांनी 2013 मध्ये दाखवलं की चिंतेचं खरं कारण दुसरीकडे आहे, हे लक्षात आणून दिल्यावर त्या चिंतेचा जोखमीच्या निर्णयावरचा परिणाम मावळतो. चिंता जायलाच हवी असं नाही. ती कुणाची आहे हे कळलं की पुरे.

तपासा: पानावर प्रत्येक भावनेपुढे ‘इथली’ किंवा ‘बाहेरची’ असं लिहिलं आहे ना? ठरवता येत नसेल तर स्वतःला विचारा: हा व्यवहार आज अचानक रद्द झाला तर ही भावना उद्या उरेल का? उरणार असेल तर ती बहुधा बाहेरची.

## पायरी 5: तोट्याचं वजन करा

काहनेमन आणि ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये मांडलं आणि 1992 मध्ये आकड्यात बसवलं, ते असं: गमावलेल्या रकमेचा सल तेवढ्याच मिळकतीच्या सुखापेक्षा सुमारे सव्वादोन पट भरतो. 2010 मध्ये अमिग्डालाला इजा झालेल्या दोन व्यक्तींची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यात हा जास्तीचा सल जवळजवळ नव्हताच. रक्कम मोठी की लहान, हे मात्र त्यांना नीट कळत होतं.

आता वहीतलं एक पान जवळून पाहू. एक शेअर 100 ला घेतला होता, आज त्याचा भाव 70 आहे. विकायचा की ठेवायचा? ठेवण्याची कारणं पानावर अशी उतरतात:

- 100 च्या वर गेला की लगेच काढून टाकणार आहे.
- कंपनीवरचं कर्ज दोन वर्षांत उतरलं आहे.
- आत्ता विकला तर 30 चं नुकसान पक्कं होईल.
- एवढे दिवस थांबलो, तर आणखी थोडं थांबू.

पेन घ्या आणि ज्या कारणात खरेदीचा भाव, झालेलं नुकसान किंवा घातलेला काळ आहे ते खोडा. पहिलं गेलं, तिसरं गेलं, चौथं गेलं. उरलं एक: कर्ज उतरलं आहे. आता त्या एकाच कारणावर उत्तर द्या: आज हातात 70 रोख असते, तर हाच शेअर घेतला असता का? हो असेल तर ठेवा, नाही असेल तर विका. कर आणि दलाली यांचा हिशेब वेगळा मांडून त्यात मिळवा, कारण ते खरे खर्च आहेत.

खोडायला हात धजत नाही, इथेच खरी कसोटी आहे. तोट्यातले शेअर धरून ठेवायचे आणि फायद्यातले लवकर विकायचे, ही प्रवृत्ती शेफ्रिन आणि स्टॅटमन यांनी 1985 मध्ये मांडली. ओडीन यांनी 1998 मध्ये 10,000 खात्यांचे व्यवहार तपासले, तेव्हा ती ठळक दिसली. शिवाय लोकांनी विकलेले फायद्यातले शेअर पुढच्या वर्षभरात, धरून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरपेक्षा सरासरीने पुढे गेले. ‘परत वर येईल’ ही आशा बाळगायला मनाई नाही, पण ती 70 वर नव्याने पैसे घालण्याइतकी पक्की असायला हवी.

सल फारच टोचत असेल तर एक युक्ती उपयोगी पडते. सोकोल-हेसनर आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये लोकांना सांगितलं: हा अनेक व्यवहारांपैकी एक आहे असं समजा, व्यापारी पाहतो तसं पाहा. तेवढ्याने तोट्याचा बाऊ कमी झाला आणि तोटा झाल्यावरची शरीराची प्रतिक्रियाही.

इशारा: ही युक्ती जिथे खरोखरच अनेक व्यवहार आहेत तिथेच वापरा. राहतं घर तारण ठेवणं हा ‘अनेकांपैकी एक’ नसतो. जो तोटा झेपणारच नाही त्याची भीती म्हणजे चूक नव्हे, ती बरोबर हिशेब सांगते आहे.

## पायरी 6: थांबा, पण दाबू नका

पहिली बैठक इथे संपते. वही मिटा. मध्ये एक रात्र जाऊ द्या, तापलेलं प्रकरण असेल तर दोन-तीन. त्याहून फार लांबवू नका. न ठरवणं हाही निर्णयच असतो आणि तो सहसा धास्तीच्या बाजूचा असतो.

या काळात भावना चेहऱ्यावर येऊ न देण्याची धडपड करू नका. दाबण्यात मेंदूची शक्ती खर्ची पडते आणि भावना आत तशीच राहते. त्याऐवजी प्रसंगाचा अर्थ बदलून पाहा. समोरच्याने कमी रक्कम देऊ केली असेल तर ‘मला कमी लेखलं’ याशिवाय आणखी कुठली कारणं शक्य आहेत, ती लिहा.

समोर माणूस असलेल्या व्यवहारात याचं महत्त्व फार. 2003 मध्ये सॅन्फी आणि सहकाऱ्यांनी 10 डॉलर वाटून घेण्याचा खेळ स्कॅनरमध्ये खेळवला. एकाने वाटणी सुचवायची, दुसऱ्याने मान्य करायची किंवा नाकारायची. नाकारली तर दोघांनाही शून्य. 10 मधले 1 किंवा 2 डॉलर कुणा माणसाने देऊ केले की अनेकांनी ते झिडकारले. तीच वाटणी संगणकाने सुचवली तर नकार कमी झाले. माणसाने केलेल्या अन्यायावर इन्सुला जास्त तापत होता. आणि व्हान्ट वाउट यांच्या गटाने 2010 मध्ये पाहिलं, तेव्हा प्रसंगाचा अर्थ बदलून पाहणाऱ्यांनी अशा वाटण्या जास्त स्वीकारल्या. भावना नुसती दाबणाऱ्यांत तसा फरक पडला नाही. ग्रिम आणि मेंगेल यांनी 2011 मध्ये तर उत्तर द्यायला 10 मिनिटं थांबवलं, तेवढ्यानेही नकार बरेच घटले.

पण यावरून ‘राग गिळा आणि मिळेल ते घ्या’ असा धडा काढू नका. प्रयोगात खेळ एकदाच होता. पगार, भागीदारी, वर्षानुवर्षांचा पुरवठादार अशा व्यवहारांत आज पडतं घेतलं तर पुढच्या वेळची बोलणी तिथूनच सुरू होते, आणि तिथे राग तुमची बाजू राखत असतो. म्हणूनच पायरी 2 मधला किमान आकडा. थंड झाल्यावर त्या आकड्याच्या वर असलेला प्रस्ताव रागाने नाकारू नका आणि खालचा प्रस्ताव समंजसपणाच्या नावाखाली घेऊ नका.

## पायरी 7: आता मनाला विचारा

दुसरी बैठक. वहीतलं सगळं त्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. मग पर्याय एकेक करून पक्का झाला असं धरा आणि पाच मिनिटं बसा. ‘घेतलं’ असं धरल्यावर पोटात काय होतं? ‘सोडलं’ असं धरल्यावर? हलकं वाटणं, जड वाटणं, रुखरुख, जे असेल ते लिहा.

याच कौलाला पहिल्या पायरीवर किंमत नव्हती. आता आहे, कारण बाहेरच्या भावना वेगळ्या काढल्या आहेत, शब्दांची भूल तपासली आहे, खरेदीभाव खोडला आहे.

तरी या कौलाला किती मान द्यायचा, ते अनुभवावर ठरवा. पत्त्यांच्या प्रयोगात प्रत्येक पानाला लगेच निकाल मिळत होता आणि 100 पानं उचलायची होती. अशा वारंवार, झटपट निकालांतूनच अंतर्मन शिकतं. वीस वर्षं जुन्या गाड्यांची पारख करणाऱ्याला एखादी गाडी ‘बरोबर वाटत नाही’, तर तिथे आकडे ठीक असले तरी थांबावं. आयुष्यातलं पहिलं घर घेणाऱ्याच्या मनाला घरांचा निकाल कधी मिळालेलाच नाही. त्याचा कौल त्याच्याबद्दल सांगेल, घराबद्दल फार कमी.

तपासा: आकडे एकीकडे आणि मन दुसरीकडे असेल, तर मध्यमार्ग काढत बसू नका. मनाला खटकणारी एक ठोस बाब शोधा आणि तेवढीच जाऊन तपासा. दोन फेऱ्यांतही अशी बाब सापडली नाही तर आकड्यांप्रमाणे चला.

## पायरी 8: सही करण्याआधी आणि नंतर

सही करण्याआधी चार ओळी: काय ठरवलं, कुठल्या कारणाने, कुठली भावना सोबत होती, आणि काय घडलं तर हा निर्णय चुकला असं म्हणाल. चौथी ओळ आत्ताच लिहायची. निकाल कळल्यावर लिहिली तर ती निकालाला सोयीची होते.

नंतरची मोठी चूक म्हणजे सारखं डोकावणं. बेनार्त्झी आणि थेलर यांनी 1995 मध्ये मांडलं की गुंतवणूक जितक्या वेळा पाहाल, तितक्या वेळा कुठलातरी तोटा दिसेल आणि प्रत्येक वेळी तो जास्तीचा सल भरेल. दीर्घ मुदतीसाठी ठेवलेली रक्कम रोज पाहण्यात काही राम नाही. पुढची तपासणीची तारीख वहीतच लिहा आणि तोवर ॲपच्या सूचना बंद ठेवा.

निकाल लागला की आधी ती पानं वाचा, मग निकालाकडे पाहा. चांगल्या पद्धतीने घेतलेला निर्णयही नशिबाने फसतो आणि आंधळेपणाने घेतलेलाही कधी फळतो, तेव्हा गुण द्यायचे ते पानांना. असे पाच-सहा निर्णय साठले की भावनांच्या रकान्यावर एकदा बोट फिरवा. एखादं नाव पुन्हा पुन्हा दिसेल. कुणाचं सुटकेच्या घाईत बिघडतं, कुणाचं हेव्यात. ते नाव पुढच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि पायरी 2 मध्ये खास त्याच्यासाठी एक अट वाढवा. सुटकेची घाई असेल तर: तिसरा प्रस्ताव आल्याशिवाय कुणालाही होकार नाही.